भोक पुन्हा तिरकं गेलं? हातानं ड्रिल मारताना काटकोन असा सांभाळा

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा फायरवॉल, म्हणजे मॉडेल विमानाच्या नाकाशी मोटर बसते ती फळी, हातात घेऊन आला. अकरावीला आहे, पहिलंच ट्रेनर, म्हणजे शिकाऊ माणसासाठीचं मॉडेल विमान बांधतोय. ६ मिमी प्लायचा तुकडा, मोटर माउंटसाठी (मोटर धरणाऱ्या धातूच्या बैठकीसाठी) चार भोकं, मागून चार टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातांचे नट) ठोकलेले. दोन बोल्ट बोटांनी गेले, तिसरा पान्यानं गेला, चौथा काही केल्या जाईना. "काका, मोजमाप तीन वेळा घेतलं. पुढून बघा, चारही भोकं बरोबर खुणेवर आहेत. मग हा का अडतो?"

पुढून खरंच चारही खुणेवर होती. प्लाय उलटा केला आणि मागच्या बाजूनं माउंट लावून बघितला, तर दोन भोकं जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकलेली. म्हणजे खुणा बरोबर, मोजमाप बरोबर, भोकं तिरकी. पोरगा बिचारा खुणाच पुन्हा पुन्हा तपासत बसला होता.

हे दुखणं फोंड्यात, म्हापशात, पेडण्यात, जिथे जिथे कोणी घरी मॉडेलसाठी बाल्साचं हलकं लाकूड कापतो तिथे सगळीकडे आहे. मला स्वतःला ते कित्येक वर्षं होतं. म्हणून आज फक्त याच एका गोष्टीवर सविस्तर लिहितो. मशीन कुठलं घ्यावं, बिट कुठल्या कंपनीचा घ्यावा, हा विषय इथे नाही. ज्याच्याकडे साधं हातातलं ड्रिल आहे आणि ज्याचं भोक दर खेपेला वाकडं जातं, त्याच्यासाठी हे आहे.

आधी थोडा हिशेब, कारण किती कल म्हणजे किती नुकसान हे डोक्यात पक्कं बसलं की हात आपोआप सावध होतो. ५ अंशांचा कल ६ मिमी प्लायमध्ये मागच्या बाजूला सुमारे ०.५ मिमी चूक देतो. एम ३ बोल्टसाठी आपण माउंटला ३.२ मिमीचं भोक ठेवतो, म्हणजे जेमतेम ०.२ मिमी मोकळीक. बोल्ट अडणारच. पंख विमानाला आवळून धरणारा बोल्ट घ्या. पंखाची मागची कड आणि खालचा लाकडी ठोकळा मिळून ३२ मिमी जाडी धरली, तर फक्त ४ अंशांच्या कलानं बोल्टचं टोक २ मिमीपेक्षा जास्त बाजूला जातं. आणि ४ अंश म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल इतकंच.

बोल्ट ओढूनताणून बसला तरी दुखणं संपत नाही. तिरक्या भोकात बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकतं. आवळलं की माउंट त्या बाजूला ओढला जातो. नायलॉनचा बोल्ट असेल तर तो डोक्याच्या खाली वाकतो आणि एखाद्या जरा जोरात झालेल्या उतरणीत तिथूनच तुटतो. टी-नट भोकाच्याच कलानं बसतो, त्याचे दोन दात लाकडात रुततात, दोन हवेत राहतात.

आधी कल कुठल्या बाजूला आहे ते शोधा

उपाय करण्याआधी ही चाचणी करा. अर्धा तास लागतो. टाकाऊ लाकडाचा निदान २० मिमी जाडीचा तुकडा घ्या, त्यावर दहा खुणा करा आणि नेहमी मारता तसंच, कुठलीही जास्त काळजी न घेता, २ मिमीच्या बिटनं दहा भोकं मारा. तुकडा फिरवू नका. मग सायकलचे जुने स्पोक कापून प्रत्येक भोकात एकेक उभा करा. साधा स्पोक बरोबर २ मिमी जाड असतो, त्यामुळे भोकात घट्ट बसतो. आता जरा मागे सरून बघा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहापैकी नऊ स्पोक माझ्याच दिशेला झुकलेले होते, वाऱ्यावर शेत झुकावं तसे, सगळे एकसारखे. डावीकडे-उजवीकडे जवळजवळ काहीच कल नव्हता. तो अर्धा तास मला फार मोलाचा ठरला. तोवर मी माझा हात थरथरतो असं धरून चाललो होतो. थरथरणारा हात दहा स्पोक दहा दिशांना झुकवेल. इथे हात स्थिर होता, फक्त चुकीच्या जागी स्थिर होता.

तेव्हा तुमचे स्पोक काय सांगतात ते नीट वाचा. सगळे एकाच बाजूला झुकले असतील तर दोष तुमच्या उभं राहण्यात आणि बघण्यात आहे. वेगवेगळ्या दिशांना विखुरले असतील तर बिट, चक (बिट पकडणारा ड्रिलचा जबडा) किंवा सुरुवातीची खूण तपासा. आणि स्पोक आत जाताना मध्येच अडत असेल, वाकून जात असेल, तर भोक सरळ रेषेतच नाही, बिट आत वाकलाय. या तिघांचे उपाय वेगळे आहेत. म्हणून "जरा काळजीपूर्वक मार" हा सल्ला कोणालाच कामाला येत नाही.

मेस्तानं दाखवलेली गोष्ट

आमच्या जुन्या घराच्या मागच्या दाराला वाळवी लागली, म्हणून नवी चौकट बसवायला मेस्त, म्हणजे सुतार, आला होता. चौकट उभी केली, ओळंबा सोडला, समोरून बघितलं, पाचर मारली. मग उठून बाजूला गेला, तिथून पुन्हा ओळंबा लावला, दुसरी पाचर मारली. मग परत समोर. मी जवळच ओट्यावर बसून विमानाच्या चाकांच्या ठोकळ्यात भोक मारत होतो. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाब, तुम्ही एकाच बाजूनं बघता. चौकट दोन बाजूंनी बघतात."

एवढंच. पण माझ्या नऊ स्पोकांचं उत्तर त्यात होतं. समोर बसून ड्रिलकडे बघताना डावा-उजवा कल लगेच कळतो, कारण तो आपल्या डोळ्यासमोर आडवा पसरलेला असतो. पुढे-मागे झुकलेलं मात्र कळत नाही, कारण तो कल आपल्या नजरेच्याच रेषेत असतो. बिट आपल्याकडे पाच अंश झुकला तर समोरून तो फक्त किंचित आखूड दिसतो. डोळा तेवढं पकडत नाही. त्यात पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलचं वजन आपल्या बाजूला लटकतं, त्यामुळे मशीन नेमकं त्याच दिशेला कलतं जी आपल्याला दिसत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. बिट टेकवा, समोरून सरळ करा, हात न हलवता मान आणि खांदा बाजूला नेऊन तिथून बघा, सुधारा, मग सुरू करा. एक-दोन मिलिमीटर आत गेल्यावर थांबा आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी बघा. भोकाचा कल या पहिल्या दोन मिलिमीटरमध्येच ठरतो. नंतर मशीन वाकवून तो सुधारायला गेलात तर भोक तोंडाशी अंडाकृती होतं आणि आत तिरकंच राहतं.

घरात दुसरं माणूस असेल तर त्याला बाजूला उभं करा आणि "माझ्याकडे", "तुझ्याकडे" असं सांगायला लावा. एकटे असाल तर दाढीचा छोटा आरसा टेबलावर कामाच्या डाव्या बाजूला उभा ठेवा. मान न हलवता बाजूचं दृश्य मिळतं. दोन गुण्येही (काटकोन तपासायच्या पट्ट्या) चालतात, एक समोर आणि एक बाजूला, भोकापासून बोटभर अंतरावर उभे केलेले. गुण्याच्या कडेशी बिटची तुलना डोळा फार चांगली करतो. नुसत्या हवेत काटकोन ओळखणं त्याला जमत नाही.

दाब देण्याची पद्धतही बदला. पिस्तुलाची मूठ खालून धरून ढकलली तर जोर बिटच्या रेषेत जात नाही, मशीन नाकाशी उचललं जातं. तळहाताचा खळगा मशीनच्या पाठीवर, चकच्या बरोबर मागे आणा, तर्जनी मशीनच्या अंगावर बिटच्या दिशेनं सरळ ठेवा आणि बटण मधल्या बोटानं दाबा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटेल. पण आता तुमचं कोपर, मनगट आणि बिट एका ओळीत आले. जड मशीन असेल तर काम खाली ठेवून उभ्यानं मारा, टेबलावर बसून नको. खांद्याच्या उंचीवर उचललेल्या हातानं सरळ भोक मारणं फार थोड्यांना जमतं.

सीडीचा उपाय, आणि ठोकळा

आता दोन गोष्टी सांगतो ज्यांनी माझं काम खरोखर बदललं.

जुनी सीडी प्रत्येक घरात कपाटात सापडतेच. तिचं मधलं भोक १५ मिमीचं असतं. चकाकणारी बाजू वर करून ती कामावर अशी ठेवा की तुमची खूण भोकाच्या मध्यावर येईल, आणि दोन बाजूंना कागदी टेप लावा. ड्रिलचा बिट खुणेवर टेकवा. सीडीत बिटचं प्रतिबिंब दिसेल. बिट काटकोनात असेल तर खरा बिट आणि प्रतिबिंब मिळून एकच सरळ सळई दिसते. जरा कल असला तर मध्ये कोपरा दिसतो, मोडलेल्या काडीसारखा. गंमत अशी की आरसा चूक दुप्पट करून दाखवतो. बिट २ अंश कललेला असेल तर तुम्हाला ४ अंशांचा कोपरा दिसतो. जे नुसत्या डोळ्याला कळत नव्हतं ते इथे स्पष्ट होतं.

बिटच्या पिळामुळे थांबलेल्या स्थितीत कड नीट दिसत नाही. म्हणून मशीन अगदी हळू फिरवत ठेवा. फिरणारा बिट गुळगुळीत सळईसारखा दिसतो आणि रेष स्पष्ट जुळवता येते. आणि इथेही मेस्ताचं सांगणं लागू आहे: एका जागेवरून जुळली म्हणजे झालं असं नाही, चतुर्थांश वळून दुसरीकडून बघायचंच. सीडीवर भुसा साठला की फुंकर मारा. ती कामावर सपाट बसलेली हवी. खाली बाल्साचा एक कण अडकला तरी आरसा तिरका होतो आणि तुम्ही मोठ्या विश्वासानं तिरकं भोक मारता.

दुसरी वस्तू म्हणजे दिशा देणारा ठोकळा. जिथे एकसारखी चार-सहा भोकं हवीत तिथे सीडीपेक्षा हाच बरा. २५ मिमी चौरस आणि ४० मिमी उंच असा कठीण लाकडाचा तुकडा घ्या. माझा मट्टीचा आहे, मेस्ताकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतला. फणसाचा करून बघितला, पण तो मऊ पडला आणि भोक लवकर सैल झालं. कुंडई किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत उभं ड्रिल असलेलं वर्कशॉप सहज सापडतं. तिथून ठोकळ्यात उभं भोक मारून आणा आणि त्यात पितळी नळी एपॉक्सीनं बसवा. नळीचं आतलं माप असं की तुमचा बिट न अडता फिरेल पण हलणार नाही. लाकडात नुसतं भोक ठेवलं तर बिटच्या कडा ते दहा-पंधरा भोकांत मोठं करतात, म्हणून पितळ हवंच. मी ३ मिमी आणि ४ मिमीचे दोन ठोकळे ठेवलेत.

ठोकळा आणला की तपासा, तयार करून देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. जाड काचेवर ठोकळा ठेवा, नळीत सरळ सळई उभी करा, शेजारी गुण्या उभा करून सळईच्या वरच्या टोकाशी किती फट आहे ते बघा. मग गुण्या तसाच ठेवून ठोकळा जागच्या जागी अर्धा फिरवा. फट तेवढीच राहिली तर ठोकळा खरा. बदलली तर जेवढी बदलली त्याच्या निम्मी चूक ठोकळ्यात आहे. काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ठोकळ्याचा तळ घासा आणि पुन्हा बघा. मग चतुर्थांश फिरवून दुसऱ्या दिशेलाही तेच करा. माझ्या पहिल्या ठोकळ्याला यात एक संध्याकाळ गेली. आज सहा वर्षं तो काम देतोय.

वापरताना ठोकळा घसरू नये म्हणून तळाला बारीक पॉलिश पेपर चिकटवा आणि जमेल तिथे सी क्लॅम्पनं आवळा. हातानं दाबून धरला तर पहिल्या झटक्याला तो सरकतोच.

काटकोन, पण कशाशी?

हा भाग कृपा करून सावकाश वाचा, कारण चांगले अनुभवी लोकही इथे चुकतात. हात सरळ, डोळा सरळ, आणि तरी भोक तिरकं, असं झालं तर बहुतेक वेळा माणूस चुकीच्या पृष्ठभागाशी काटकोन धरत असतो.

फायरवॉल हेच उदाहरण. पंखा पुढे असलेल्या बऱ्याच ट्रेनर मॉडेलमध्ये मोटरचा आस मुद्दाम दोन-तीन अंश उजवीकडे आणि खाली वळवलेला असतो, पंख्याच्या फिरण्यानं विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं आणि जास्त पॉवरला वर उठतं ते सावरायला. म्हणजे फायरवॉलच त्या कलानं चिकटवलेली असते. आता विमान टेबलावर ठेवून तुम्ही विमानाच्या लांबीशी समांतर ड्रिल धरलंत, तर ते विमानाला सरळ असेल, फायरवॉलला नसेल. माउंट फायरवॉलवर सपाट बसतो, म्हणून भोकंही फायरवॉललाच काटकोनात हवीत. तीन अंशांची ही चूक ६ मिमीमध्ये ०.३ मिमी होते, आणि चौथा बोल्ट अडायला तेवढी पुरते. शेजारच्या मुलाचंही नेमकं हेच झालं होतं. त्यानं फायरवॉल आधी चिकटवली, आणि भोकं नंतर मारली, विमानाच्या बाजूच्या फळीला डोळ्यानं समांतर धरून. पुढे प्लायचा तुकडा सोडवून माझ्याकडे आणला.

पंखाचंही तसंच. पंखाचा पृष्ठभाग गोलाकार, त्यात पंखाला वर उचललेला कोन, आणि मागच्या कडेशी उतार. पंखाच्या कातड्याशी काटकोन धरलात तर बोल्ट आतल्या ठोकळ्यात वाकडाच जाणार. तिथे काटकोन धरायचा तो विमानाच्या आतल्या ठोकळ्याशी. सीडी पंखावर ठेवून इथे काही उपयोग नाही. पंख काढून ठेवा, आधी आतल्या ठोकळ्यात दिशा देणाऱ्या ठोकळ्यानं ५ मिमीचं भोक मारून घ्या, एम ६ च्या आट्यांसाठी हेच माप लागतं. मग पंख जागेवर बसवून, तो सरकणार नाही असा बांधून, खालून त्याच भोकातून बिट वर घाला आणि पंखात खूण उतरवा. खालून हात जात नसेल तर ५ मिमीच्या सळईचं टोक अणकुचीदार करून ती भोकात खालून घाला आणि पंख दाबा, खूण उमटते. नंतर पंखातलं भोक ६.५ मिमी करा आणि ठोकळ्यात आटे पाडा. आटे पाडल्यावर त्यात पातळ सुपरग्लूचे दोन थेंब सोडा, वाळू द्या आणि टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, पुन्हा एकदा फिरवा. लाकडातले आटे त्यानं पक्के होतात.

यावरून एक सवय लावून घ्या. जो भाग सपाट आहे आणि अजून सुटा आहे, त्यातली सगळी भोकं चिकटवण्याआधीच मारा. फायरवॉल, आतल्या आडव्या फळ्या, सर्वोची (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरची) पाटी, हॉर्नखालच्या (सुकाणूला दांडी जोडतो त्या तुकड्याखालच्या) प्लायच्या पट्ट्या. सुटा तुकडा टेबलावर सपाट बसतो, त्याच्यावर ठोकळा बसतो, सीडी बसते. चिकटवल्यावर विमानाच्या पोटात यातलं काहीच शिरत नाही. आराखड्यातल्या पायऱ्यांचा क्रम वेगळा असला तरी मी हे आधी करतो.

स्पोक विखुरले असतील तर

मग हाताला दोष देऊ नका. बिट काचेवर घरंगळवा. वाकडा बिट टकटक करत जातो, सरळ बिट गप्प घरंगळतो. मशीन हळू फिरवून बिटच्या टोकाकडे बघा, टोक एका जागी न राहता लहानसं वर्तुळ काढत असेल तर बिट चकमध्ये तिरका पकडला गेलाय. बारीक बिटच्या बाबतीत हे फार होतं, तो तीन जबड्यांच्या मध्यावर न बसता दोनच जबड्यांच्या फटीत अडकतो. सोडून पुन्हा लावा, आणि चावीचा चक असेल तर तिन्ही भोकांतून थोडं थोडं आवळा.

बिट चकच्या बाहेर किती काढलाय तेही बघा. १.५ मिमीचा बिट पूर्ण लांबीनं बाहेर असेल तर तो लाकडातल्या कठीण रेषेला लागून वाकतोच. त्याला मागे सरकवा, १२-१५ मिमी बाहेर पुरे.

सुरुवातीची खूण टोच्यानं करा, पेन्सिलचा ठिपका पुरत नाही. साध्या बिटचं टोक ११८ अंशांचं बोथट असतं, त्यामुळे गुळगुळीत प्लायवर तो आधी चालतो आणि मग रुततो. लाकडासाठी मध्ये अणकुची असलेले बिट मिळतात, ते घ्या. बाल्सामध्ये एकाच तुकड्यात मऊ आणि कठीण रेषा शेजारी शेजारी असतात, बिट नेहमी मऊ बाजूला सरकतो. तिथे मी बिट वापरतच नाही. हव्या त्या मापाची पितळी नळी घेतो, तिच्या एका टोकाला त्रिकोणी कानशीनं सहा-सात दात काढतो आणि ती दोन बोटांत धरून फिरवत आत नेतो. बाल्साची गोल कांडी नळीत निघून येते, भोक स्वच्छ आणि सरळ. हातात लाकडाची प्रत्येक रेषा जाणवते. बोटांनी फिरवताना घाई होऊच शकत नाही, हेही त्याचं बलस्थान.

आणि एक मोठा गैरसमज. आधी बारीक भोक मारलं की मोठं भोक आपोआप सरळ जातं, असं बरेच जण मानतात. मोठा बिट बारीक भोकाच्या मागे मागे जातो. ते तिरकं असेल तर हेही तेवढंच तिरकं होणार. म्हणून सगळी काळजी त्या बारीक भोकावर खर्च करा. दोन्ही बाजूंनी खुणा करून मध्ये भेट घडवण्याचा प्रकारही मी सोडून दिलाय, दोन तिरकी भोकं मध्ये भेटली की तिथे कोपर होतो आणि बोल्ट तिथेच अडतो. मागची बाजू फुटू नये म्हणून खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरलेली पुरते.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे बांधायचा हंगाम तोच. जून ते सप्टेंबर उडवणं बंद, बांधणं जोरात. हवेतल्या ओलीनं लाकडाचे तंतू फुगतात आणि बिट ते कापायच्या ऐवजी ओढतो. भोकाच्या आत लोकर राहते आणि मे महिन्यात ३.२ मिमीच्या भोकातून सहज जाणारा बोल्ट जुलैत अडतो. अशा वेळी भोक मोठं करू नका. पातळ सुपरग्लूचा एक थेंब आत सोडा, ओल्या हवेत तो झटकन वाळतो, आणि मग तोच बिट हाताच्या बोटांनी आतून फिरवा. तंतू कडक होऊन कापले जातात. बिट तेलाच्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गंजलेल्या कडेचा बिट सरळ जात नाही. सुपरग्लूचा धूर डोळ्यांना झोंबतो, खिडकी उघडी ठेवा. आणि लहान तुकडा कधीही हातात धरून त्यावर ड्रिल मारू नका, बिट अडकला की तुकडा गरकन फिरतो आणि बोटं कापतो.

भोक बिघडलंच असेल तर

कानस घालून लांबट करू नका. माउंट बसल्यासारखा वाटेल, पण मागचा टी-नट तिरकाच राहील. बांबूची काडी किंवा टूथपिक ठोकून पुन्हा भोक मारणं हा सगळ्यांचा आवडता उपाय आहे, तो मला मान्य नाही. बांबूचे तंतू आजूबाजूच्या प्लायपेक्षा कठीण असतात, नवा बिट त्यांच्यावरून घसरतो आणि जुन्याच भोकाच्या दिशेला जातो.

मी असं करतो. टी-नट काढून टाकायचा. भोक बरंच मोठं करायचं, एम ३ साठी ६ मिमीपर्यंत, इथे ते तिरकं असलं तरी चालतं. ३ मिमी आतल्या मापाची पितळी नळी प्लायच्या जाडीएवढी कापायची, बाहेरून कानशीनं खरखरीत करायची. बोल्टला मेणबत्ती घासून तो माउंटमधून घालायचा, नळी त्याच्यावर चढवायची, आणि माउंट चांगल्या बसलेल्या बोल्टांवर नेहमीसारखा आवळायचा. माउंट धातूचा असतो, त्याची भोकं कारखान्यात सरळ मारलेली असतात, त्यामुळे बोल्ट आपोआप काटकोनात उभा राहतो. मग मागून नळीभोवतीच्या पोकळीत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेलं एपॉक्सी भरायचं. नळीच्या आत ते जाऊ नये म्हणून मागच्या तोंडाला मेणाचा गोळा लावायचा. रात्रभर ठेवायचं. सकाळी बोल्ट पाव आटा मागे फिरवून सुटतो का बघायचं. मेण लावलेला असेल तर सुटतोच. मागे टी-नटऐवजी वॉशर आणि साधा लॉकनट लावायचा.

चाकांच्या तारेचं भोकही असंच दुरुस्त होतं. सध्या मी ब्रेगे अलिझे या नौदलाच्या जुन्या विमानाचं मॉडेल बांधतोय. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात, जे १९९८ पासून आहे, खरं अलिझे उभं आहे. त्याची मुख्य चाकं पंखातल्या फुगीर कप्प्यांत दुमडतात. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १५.६ मीटर, माझं १:१० म्हणजे १५६ सेंमी. त्या कप्प्यांतल्या ४ मिमी तारेचं डावं भोक मी तीन अंश तिरकं मारलं होतं, उन्हात रंगाची घाई करताना. चाक आत वळलेलं दिसत होतं. भोक मोठं करून पितळी नळी बसवली, उजव्या तारेला समांतर होईपर्यंत दोन्ही तारा एका पट्टीला बांधून ठेवल्या, आणि मगच एपॉक्सी भरलं.

शेजारच्या मुलाच्या फायरवॉलच्या तिसऱ्या आणि चौथ्या भोकात आम्ही शनिवारी रात्री नळ्या बसवल्या. रविवारी सकाळी तो साडेसातला दारात हजर. चौथा बोल्ट बोटांनी गेला. तिसऱ्याच्या नळीत एपॉक्सीचा एक थेंब शिरला होता, तो त्यानं ३ मिमीच्या बिटनं हातानंच फिरवून काढला. आता फायरवॉल पुन्हा चिकटवण्याआधी पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर ठेवून चारही बोल्टांशी गुण्या लावून बघतोय, आधी समोरून, मग बाजूनं.